जिथली कथा, तिथंच वाचून दाखवा!

गेले दोन वीकांत काहीच लिहिलं नाही. रिलीज नव्हता, तब्येतही ठणठणीत आहे. गावी गेलो होतो, हिंगणघाटला. आणि तिथून जवळच्याच एका गावातल्या वाचनालयात, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः लिहिलेली कथा चारचौघांत मोठ्यानं वाचली. चारचौघं म्हणजे मोजून एकतीस माणसं. (हो, मोजली. घाबरलेला माणूस दुसरं काय करणार?) त्यात तिसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला, आमचे बाबा.

परत आल्यापासून डोक्यात एकच भुंगा आहे आणि तो जरा भांडखोर आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो. पुण्या-मुंबईत नाहीतर बंगळुरात एसीत बसून जे कोणी गावाकडच्या कथा लिहितात (पहिला नंबर माझा), त्यांनी ती कथा छापायला पाठवण्याआधी त्याच भागात, त्याच माणसांपुढे उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवावी. वाचायची हिंमत होत नसेल तर पाठवू नये. बस्स. म्हणणं एवढंच. पण एवढ्यावर तुम्ही ऐकणार नाही हे माहीत आहे, म्हणून सविस्तर.

आधी कथेबद्दल. तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दिवाळी अंकात ती आली होती. वर्धा जिल्ह्यातला कापूस पिकवणारा माणूस, पाच एकर जमीन. पोराला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो. फी भरायला तो तीन एकर विकतो. शेवटच्या प्रसंगात भेगाळलेल्या जमिनीकडे बघत बांधावर बसून हमसाहमशी रडतो आणि पोराला म्हणतो, "तुझ्या शिक्षणापुढे या जमिनीची काय किंमत, बाळा?" पोरगा कोण आणि माणूस कोण, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलंच असेल.

कथा आवडली लोकांना. 'हृदयस्पर्शी' हा शब्द तर इतक्यांनी वापरला, की नंतर नंतर तो वाचला की मला औषधाच्या जाहिरातीची आठवण यायची. ऑफिसातल्या एका मुलीनं कॅन्टीनमध्ये येऊन सांगितलं, शेवट वाचून रडले. मी तरंगत होतो. त्या तरंगण्यात एक साधी गोष्ट लक्षात आली नाही. कौतुक करणाऱ्यांत कापूस वेचलेला एकही माणूस नव्हता. सगळे माझ्यासारखेच. लॅपटॉपवाले. शेतकऱ्याचं दुःख आम्ही आपसातच वाटून घेत होतो, वाढदिवसाच्या केकसारखं.

यामागे थोडा इतिहास आहे. जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारनं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि आमचा वर्धा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे जिल्हे म्हणून ही सहा नावं देशभर झाली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पुढे पुण्यात कॉलेजात कुणाला वर्ध्याचा आहे म्हटलं की समोरचा आधी गांधीजी म्हणायचा आणि मग चेहरा पाडून, "तिकडे फार आत्महत्या होतात ना रे?" विदर्भातला शेतकरी म्हणजे एक फोटो झाला. कपाळाला हात, भेगाळलेली जमीन, वर कोरडं आभाळ. आत्महत्या खऱ्या होत्या, कर्जं खरी होती, आजही आहेत. पण फोटोही पक्का बसला. आणि मी, त्याच मातीतला म्हणवणारा, कथा लिहायला बसलो तेव्हा बाबांकडे बघून लिहिली नाही. त्या फोटोकडे बघून लिहिली. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. एकतीस माणसांपुढे उभं राहिल्यावर कळलं.

तर ते वाचन. खरं म्हणजे ही इच्छा फेब्रुवारी २०२३ पासूनची. त्या महिन्यात वर्ध्यात एकाच वीकांताला दोन संमेलनं होती. ३ ते ५ तारखेला ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, न्या. नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष. आणि ४ व ५ ला विद्रोही साहित्य संमेलन, चंद्रकांत वानखडे अध्यक्ष. मराठी संमेलन वर्ध्यात याआधी भरलं होतं ते १९६९ साली, पु. शि. रेगे अध्यक्ष असताना. म्हणजे ५४ वर्षांनी योग आला होता. सुट्टी टाकून गेलो आणि दोन्ही मांडवांत फिरलो. कविता घेऊन आलेली माणसं बिनधास्त होती. चहाच्या टपरीवर सुद्धा कुणी "एक ऐकवू का?" म्हणालं की लोक थांबायचे. माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये कथेचे कागद होते. कुणालाही "एक ऐकवू का?" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. कविता दोन मिनिटांत होते हो. कथा घेऊन माणसाला कुठे थांबवणार?

मग शेवटी यंदा ओळखीतून एका वाचनालयाचा कार्यक्रम मिळाला. मला दहा मिनिटं. घरी घड्याळ लावून वाचून पाहिलं. कथा ३,२०० शब्दांची, माझा वेग मिनिटाला साधारण ११५ शब्द. म्हणजे अठ्ठावीस मिनिटं! दहा मिनिटांत बसवायची तर ११५० शब्द. दोन तृतीयांश कथा कापायची.

कापायला बसलो तेव्हा पहिला धडा मिळाला. सगळ्यात आधी विशेषणं गेली. मग सूर्यास्त गेला. मग 'त्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर काळाने कोरलेल्या रेषा' गेल्या (देवा!). आणि कथेला काहीही झालं नाही. चार्ल्स डिकन्स १८५८ पासून पैसे घेऊन स्वतःच्या पुस्तकांची जाहीर वाचनं करायचा. त्यासाठी त्यानं आपल्याच पुस्तकांच्या वेगळ्या, कापलेल्या प्रती करून घेतल्या होत्या आणि समासात स्वतःसाठी सूचना लिहून ठेवल्या होत्या. अख्खं जग ज्याचं लिखाण डोक्यावर घेत होतं, तो माणूस लोकांसमोर जाताना स्वतःवर कात्री चालवत होता. आणि आम्ही? संपादकानं एक परिच्छेद काढला तर तीन दिवस जेवत नाही.

कार्यक्रमाबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्ही पाहिलेत असे कार्यक्रम. शाल-श्रीफळात पाऊण तास गेला. माझी पाळी आली तेव्हा सूत्रसंचालक कानात म्हणाले, "जरा हलकंफुलकं घ्या, पब्लिक बसते मग." घशाला कोरड पडली होती. पहिलं पान मी रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाचलं. दुसऱ्या पानावर संवाद सुरू झाले आणि गंमत झाली. कागदावर होतं, "कुठे निघालास?" तोंडातून आलं, "कुठी चालला बे?" मी ठरवून केलं नाही. समोर ती माणसं बसलेली असताना जीभ पुण्याची भाषा बोलायलाच तयार होईना. लोक हसले. टिंगलीचं नाही, ओळखीचं हसू. पहिल्यांदाच माना वर झाल्या.

आणि मग तो शेवट आला. बांध, भेगा, रडणं, "काय किंमत, बाळा". मी मान वर केली. तिसऱ्या रांगेत बाबा खिडकीबाहेर बघत होते.

मंडळी, मी ते वाक्य वाचलंच नाही. उडी मारली. 'हमसाहमशी रडला' पासून थेट शेवटच्या ओळीवर. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. ऑफिसातल्या मुलीला ज्या वाक्यानं रडवलं, ते वाक्य ज्याच्याबद्दल होतं त्याच्यासमोर माझ्या तोंडातून निघेना. तीन वर्षं मी त्या वाक्यावर फिदा होतो.

टाळ्या झाल्या. मग एक आजोबा उठले. म्हणाले, "चांगलं लिहलं. पण बावा, बांध कायचा? आपल्याकडे धुरा असते. अन् भेगा त काळ्या मातीले दरवर्षीच पडते उन्हाळ्यात. पडलेल्याच बऱ्या, माती खालवर होते त्यानं." म्हणजे बघा. ज्या भेगा माझ्या कथेत सर्वनाशाचं प्रतीक होत्या, त्या भेगांना तिथला शेतकरी मातीची तब्येत चांगली असल्याची खूण समजतो. हे मलाही लहानपणापासून माहीत होतं! काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि फाटते, वरची माती भेगांत पडते. पण लिहिताना फोटोतली भेग माझ्या वावरातल्या भेगेपेक्षा मोठी झाली.

रात्री घरी जाताना स्टँडवर चहा घ्यायला थांबलो. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू लिहलं का बाप रडला."

मी म्हटलं, "बाबा, ती गोष्ट आहे."

"हो न, गोष्टच आहे. पण मी रडलो नव्हतो. रजिस्ट्री झाली, त हाटेलात चहा पेलो. मले बरंच वाटलं होतं त्या दिवशी. फीचा घोर सुटला."

मी गप्प. कप ठेवता ठेवता म्हणाले, "रडू आलं दोन वर्षानं. बशीतून चाललो होतो, अन् आपल्या वावरात दुसऱ्याची पऱ्हाटी उभी दिसली. लय चांगली आली होती पऱ्हाटी."

आता सांगा. माझी कथा चांगली, की ही? विकल्याच्या दिवशी सुटका वाटणं आणि दोन वर्षांनी, दुसऱ्यानं पीक चांगलं काढलं म्हणून, बसच्या खिडकीत रडू येणं. हे माझ्या घरात पडून होतं. एवढी वर्षं. मी विचारलंच नाही, कारण मला शेवट आधीच माहीत होता. आणि कागदावर तो चालूनही गेला. चालला तर चालला, वर कौतुक झालं. म्हणूनच म्हणतो, की कागद लेखकाला फार स्वस्तात सोडतो. वाचणारा कुठेतरी दूर असतो, त्याचा चेहरा दिसत नाही, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो तर बहुतेक वेळा वाचतच नाही. तुम्ही निर्धास्त.

आमच्या धंद्यात कोड कंपाइल झाला म्हणून कुणी प्रॉडक्शनवर टाकत नाही. दुसरा बघतो, टेस्टर तोडून बघतो, आणि ज्याला ते वापरायचंय त्याच्या टेबलावर चालवून दाखवावं लागतं. तिथे आपण किती गुणी असतो! पण बापाचं दुःख लिहिताना एकही टेस्ट केस नको असते आपल्याला.

हे काही मी नवीन शोधून काढलेलं नाही. आमच्या विदर्भात तर मराठी गद्याची सुरुवातच अशी आहे. लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी प्रत्यक्ष ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या माणसांना गाठून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. हे काम झालं ते रिद्धपूरला, म्हणजे शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवून स्टेटस टाकली. पण म्हाइंभटांची ती पायपीट, माणसापर्यंत जाऊन विचारणं, ते कुणाच्या स्टेटसमध्ये दिसलं नाही.

दुसरं उदाहरण पवनारचे विनोबा. त्यांची 'गीता प्रवचने' आधी लिहिलेली नाहीतच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार ते कैद्यांपुढे बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतलं. इतका अवघड विषय, पण भाषा बघा. ऐकणारा समोर बसलेला असला की वाक्याला लांबट होता येत नाही आणि माणसाला खोटं जड बोलता येत नाही. (विनोबा तसेही बोलले नसते म्हणा. आपण बोललो असतो.)

आणि तिसरा आपल्याच जातकुळीतला, नोकरी सांभाळून लिहिणारा. फ्रान्झ काफ्का प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत होता. सप्टेंबर १९१२ मध्ये एका रात्रीत बसून त्यानं 'द जजमेंट' ही कथा लिहिली. बाप आणि मुलगा यांचीच कथा. त्याच वर्षी ४ डिसेंबरला ती त्यानं प्रागमध्ये लोकांसमोर वाचली. ते त्याचं पहिलं जाहीर वाचन. वय २९. कथा छापून आली ती १९१३ मध्ये, म्हणजे वाचन आधी आणि छपाई नंतर. पुढे नोव्हेंबर १९१६ मध्ये म्युनिकला जाऊन दुसरी एक कथा वाचली, ती साफ पडली. त्यानं स्वतःच तसं लिहून ठेवलंय. त्या कथेच्या शेवटावर तो पुढेही समाधानी नव्हता. नवे शेवट लिहून बघत राहिला आणि कथा छापली थेट १९१९ मध्ये. काफ्काला लोकांपुढे पडायची लाज वाटली नाही आणि आपल्याला वाटते.

आता यावर काय काय म्हणाल ते मला माहीत आहे. एकेक घेतो.

पहिलं, "कथा ही एकांतात वाचायची गोष्ट आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून सभा-समारंभांपासून लांबच राहिले, त्यांचं काय बिघडलं?" काही बिघडलं नाही. पण मित्रा, तू जी. ए. नाहीस. मीही नाही. आणि जी. एं.नी "हे बघा अमुक जिल्ह्यातलं जळजळीत वास्तव" अशी पाटी लावून कथा विकली नाही. आपण लावतो. पाटी लावली की तपासणी आली. वाचकानं कथा एकांतातच वाचावी, माझी ना नाही. लेखकानं ती एकदा उजेडात वाचावी, एवढंच.

दुसरं, "म्हणजे काय, कथाकथन? ते विनोदी लोकांचं काम." या गैरसमजावर माझा विशेष राग आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं. लोक पोट धरून हसले, हे खरंच. पण ते तिघं ज्या माणसांच्या कथा सांगत होते, तसलीच माणसं समोर बसलेली असत. बोलीतला एक शब्द चुकला असता तर तिथल्या तिथे पकडला गेला असता. आणि साहित्यात ते हलके ठरले का? तिघंही संमेलनाध्यक्ष झाले. माडगूळकर १९८३ ला अंबाजोगाईत, पाटील १९८५ ला नांदेडला, मिरासदार १९९८ ला परळी वैजनाथला. आज मंचावर "हलकंफुलकं घ्या" म्हणणाऱ्यांनी त्यांच्याकडून हशा तेवढा उचलला, समोरासमोरचा धाक सोडून दिला. आणि गंभीर लिहिणाऱ्यांनी हशाला नाकं मुरडत मंचच सोडून दिला. दोघांचंही चुकलं. अभिनय करू नका, आवाज बदलू नका, हातवारे नकोत. कागद हातात धरा आणि वाचा. अडखळलात तर अडखळा.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यानं मला दोन दिवस झोपू दिलं नाही. "ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांची परवानगी घेत बसलो तर खरं कोण लिहील?" बरोबर. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हा, आपलं उघडं केलं म्हणून आपल्यातलेच काही जण त्यांच्यावर रागावले होते. हात वर करून मतदान घेतलं असतं तर ते पुस्तक आलंच नसतं. मराठीचं केवढं नुकसान झालं असतं!

म्हणून नीट सांगतो. मी परवानगी मागा म्हणत नाही. समोरच्याला आवडलं नाही म्हणून एक शब्दही बदलू नका. मी म्हणतो, वाचताना स्वतःची जीभ कुठे अडते ते बघा. जीभ दोन कारणांनी अडते. एक म्हणजे वाक्य खरं आहे आणि समोरच्याला झोंबेल म्हणून. तिथे घोट गिळा आणि वाचाच, त्यासाठीच तर लिहायचं. दुसरं म्हणजे वाक्य खोटं आहे आणि समोरच्याला ते कळेल म्हणून. ते फाडून टाका. या दोन अडण्यांतला फरक खोलीत एकटं बसून कळत नाही हो, शप्पथ. मला तीन वर्षं कळला नाही. बाबांसमोर एका सेकंदात कळला. मी घाबरलो नव्हतो. मला लाज वाटली होती.

आणि चौथं, "आम्हाला कोण बोलावतंय वाचायला?" हे मात्र संस्थांनी ऐकावं. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, गावोगावी अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. त्यांच्याकडे एक खोली, एक सतरंजी आणि संध्याकाळी पेपर वाचायला येणारी दहा-वीस माणसं असतात. याहून जास्त काही लागत नाही. महिन्यातला एक रविवार ठेवा. तीन जण, प्रत्येकी दहा मिनिटं, अप्रकाशित कथा. प्रमुख पाहुणे नकोत, शाल नको, नारळ तर नकोच नको. वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यांनी बोलायचं आणि लेखकानं उत्तर द्यायचं नाही. नुसतं ऐकून घ्यायचं. (हे सगळ्यात अवघड आहे, अनुभवाने सांगतो.) मेळाव्यांत कवींना जशी ठरलेली जागा असते, तशी एखादा कोपरा कथेलाही द्या. कवीला दोन मिनिटं देऊन मोकळं होता येतं म्हणून कथेला कायम दाराबाहेर ठेवू नका.

आणि आपल्यासारख्यांनी? पुण्यातल्या कॅफेत कॉफी पीत एकमेकांना कथा वाचून दाखवायच्या बैठका मला माहीत आहेत, मीही जातो. छान वाटतं. पण तिथे धुऱ्याला बांध म्हटलं तर कुणाला कळणार? तिथे सगळे तोच फोटो बघून आलेले असतात. कॅफेतली कथा कॅफेतल्या माणसांची असेल तर कॅफेत वाचा, एकदम मान्य. आयटीतल्या माणसाच्या एकटेपणावर लिहिलंत? हिंजवडीतल्या कॅन्टीनमध्ये वाचा. कामवाल्या मावशींवर लिहिलंत? रविवारी त्यांना चहाला बोलवा, खुर्ची द्या आणि वाचा. बघू किती वाक्यांवरून उडी मारता ते.

एक कबुली देऊन थांबतो. दिवाळी अंकातली ती कथा अजून तशीच आहे. संपादकांना मेल टाकलाय की शेवट बदलायचाय, उत्तर आलेलं नाही. नवीन शेवट लिहायला घेतला आहे. बस, खिडकी, पऱ्हाटी. दोनदा लिहिला, दोनदा फाडला. कारण दोन्ही वेळा मी बाबांना पुन्हा जास्तच रडवलं. सवय जात नाही. बाबांना फोन करून विचारलं, त्या दिवशी बसमध्ये नेमकं काय झालं होतं? तर म्हणाले, "काई नाही झालं. कंडक्टरनं सुट्टे मांगतले."

तेच लिहितोय. पुढच्या महिन्यात त्याच वाचनालयात परत जाणार आहे. या वेळी बाबांना पहिल्या रांगेत बसवणार. येतो म्हणालेत, पण कापूस घरात आला नसेल तरच. असो.